मजुरांकडून मातीचा रस्ता : रोजंदारी की मापून दिलेलं काम?

तुमचा प्रश्न असा : ६ किलोमीटरचा मातीचा रस्ता, यंत्रं जवळपास नाहीत, आसपासच्या गावांतले १२० मजूर रोजंदारीवर, तरी काम सरकत नाही, मजूर वाढवावेत का?

वाढवू नका. आज किती खणायचं, हे सकाळी मजुराला कुणी सांगतच नसेल तर माणसं दुप्पट केली तरी हेच होईल. प्रत्येकाला दिवसाचं काम मापून द्या. ते संपलं की पूर्ण मजुरी आणि सुट्टी.

सुरुवातीला मऊ मातीत माणशी ५ घनमीटर, मध्यम मातीत ३.५, कठीण मुरमात २.५ ते ३ धरा. मग साधारण ताकदीच्या दहा जणांकडून तीन-चार दिवस करून घ्या आणि आकडे दुरुस्त करा. सगळ्यात दणकट माणसं निवडाल तर माप फसेल. बहुतेकांचं काम पाऊण दिवसात उरकलं पाहिजे. माप बदलायचंच तर आदल्या दिवशी सांगून बदला. लवकर आटोपलं म्हणून त्याच दिवशी वाढवलंत, तर उद्यापासून कुणीच लवकर आटोपणार नाही.

मजुराला घनमीटर सांगू नका, जमिनीवर आखून दाखवा. गटार वर १.५ मीटर, तळाला ०.५ आणि खोल ०.५ असेल तर छेद ०.५ चौरस मीटर, म्हणजे ३.५ घनमीटरसाठी ७ मीटर लांबी. खुंट्या, ताणलेली दोरी आणि गटाराच्या आकाराची लाकडी चौकट, एवढ्यावर मुकादमाचं भागतं. मोजायचा तो खड्डा. ढीग मोजू नका. खणलेली माती २० ते ३० टक्के फुगते आणि हिशेबाची भांडणं तिथूनच लागतात.

एका मुकादमाकडे २० ते २५ माणसं पुरेत. खणणारे आणि वाहणारे यांचा मेळ मात्र रोज बघा. २० जणांनी ७० घनमीटर खणलं की सुटी माती ९० च्या आसपास भरते. हातगाडीने ४० मीटरवर माणशी ७ घनमीटर जाते, म्हणजे वाहायला १३ जण. १०० मीटरवर ५ च जाते, तेव्हा १८ लागतात. भरणारे वेगळे. दीडशे मीटरच्या पुढे ट्रॅक्टर-ट्रॉलीच घ्या.

मध्यापासून कडेला ८ टक्के उतार ठेवा. ५.५ मीटर रुंदीला मध्य कडेपेक्षा २२ सेंटीमीटर उंच येतो. डोळ्यांना जास्त वाटतो, म्हणून मुकादम तो कमी करतात आणि पहिल्याच पावसात मधोमध पाणी साचतं. सुट्या मातीचा थर १५ सेंटीमीटरपेक्षा जाड नको. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि हात ओला झाला नाही, की दबाईला ओल बरोबर.

मजुरीची तारीख एकदा चुकली तर वरचं सगळं गणित कोलमडतं, म्हणून निदान एका महिन्याच्या मजुरीची रोकड हाताशी असल्याशिवाय काम सुरूच करू नका. बाईची मजुरी तिच्याच हातात द्या. पेरणी-कापणीत हजेरी घटणारच. त्या आठवड्यांत मोरीचे पाइप बसवणं, दगडी पिचिंग (माती वाहून जाऊ नये म्हणून उतारावर दगड बसवणं) अशी थोड्या माणसांची कामं काढा. आणि फावड्या-कुदळींचे जादा दांडे कामावर हवेतच, कारण दांडा मोडला की त्या माणसाचं दिवसाचं माप अपुरं राहतं.