आफ्रिकेत युद्धनीतीवर स्वतंत्र तात्त्विक विचार आहे का?

तुम्ही विचारलंय, "युद्धात काय चालतं आणि काय नाही, यावर आफ्रिकेचा स्वतःचा काही विचार आहे का, की तिकडे नुसत्या टोळ्यांच्या मारामाऱ्या?" हा दुसरा भाग वाचला म्हणून लिहायला बसलो. माझे मेव्हणे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. हेच वाक्य ते मला पंचवीस वर्षं ऐकवताहेत.

विचार आहे, आणि मी तो समोर बसून ऐकलाय.

१९९३-९४ ला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेत आपल्या भारतीय सैन्याची ब्रिगेड सोमालियात बैदोआ भागात होती. मी सिग्नलमध्ये, म्हणजे रेडिओ-संपर्क सांभाळणाऱ्या तुकडीत, नाईक. आदल्याच वर्षी तिथे दुष्काळ आणि यादवीत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली होती. एका विहिरीवरून दोन कुळांचं भांडण पेटलेलं, आणि बाभळीखाली दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची बैठक चाललेली. मी रेडिओ सेट घेऊन बाजूला. मधल्या वेळात दुभाष्यामार्फत एका म्हाताऱ्याशी बोलणं झालं. त्याने बोटांवर मोजून दाखवलं: बाई, मूल, म्हातारा, आजारी, पाहुणा, धर्म शिकवणारा, तहाची बोलणी करायला आलेला. यांना भाला लावायचा नाही. यासाठी त्यांचा शब्द आहे 'बिरी मा गेयदो'. तो त्यांच्या रूढीच्या कायद्यात येतो, त्याला 'हेर' म्हणतात (आपला गुप्तहेर नव्हे). रेडक्रॉसने पुढे यावर पुस्तिकाच काढली, हे मला फार नंतर कळलं.

मी विचारलं, मग गेल्या वर्षी इथे काय झालं? दुभाषी भाषांतर करेना. मी हट्ट धरला. म्हातारा बराच वेळ काठीने माती उकरत राहिला. मग म्हणाला, मोडलं. कोणी मोडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांच्या नातवंडांनाही हे ऐकून घ्यावं लागेल. आणि नियम का, तर आज ज्याच्याशी लढतो त्याच्याच विहिरीवर पुढच्या कोरड्या हंगामात आपले उंट न्यायचेत.

हे मी सुट्टीवर आल्यावर मेव्हण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "लेखी कुठे आहे? आणि पाळलं कुठे?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता देतो. भीष्मपर्वात लढाईआधी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले. पुढे द्रोण शस्त्र टाकून बसला असताना मारला गेला, कर्ण रथाचं चाक काढताना, आणि अश्वत्थाम्याने तर झोपलेले कापले. म्हणून महाभारतात नीतिविचार नाही, असं कोणी म्हणतं का? आणि मेव्हणे, ज्या ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंतापासून तुम्ही युरोपची न्याय्य युद्धाची परंपरा वर्गात शिकवलीत, तो ३५४ साली आजच्या अल्जीरियात जन्मला.

तुमच्या प्रश्नापुरतं आणखी: मंडेलांचं १९६४ चं न्यायालयातलं निवेदन वाचा. घातपात (म्हणजे माणसांची नव्हे, मालमत्तेची मोडतोड), गनिमी युद्ध, दहशतवाद आणि उघड क्रांती असे चार मार्ग ते समोर ठेवतात आणि माणसं मरू नयेत म्हणून घातपात का निवडला ते सांगतात. पुढे १९८० मध्ये त्यांच्या पक्षाने जीनिव्हा करार, म्हणजे युद्धात कोणाला इजा करायची नाही याचे आंतरराष्ट्रीय नियम, पाळण्याचं लेखी जाहीर केलं. राज्य हातात नसलेल्या संघटनेने असं स्वतःहून बांधून घेणं, हा मला मोठा विचार वाटतो.

एक मात्र सांगायला हवं. आफ्रिका म्हणजे पन्नासहून जास्त देश, मी बोलतोय ते एका भागातल्या एका म्हाताऱ्यावरून. आणि त्याच रूढीत खुनाची भरपाई उंटांनी होते: पुरुषाचे शंभर, बाईचे पन्नास. वैर मिटवायला मुलगी देण्याचीही पद्धत आहे. ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

मेव्हणे, तुम्ही हे वाचालच. गणपतीला गावी याल तेव्हा भीष्मपर्व घेऊन या, ओसरीवर बसून बोलू.