पित्ताशयातला खडा आणि ‘पित्ता’चा घोळ

प्रश्न : माझं वय 46. वार्षिक तपासणीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात 12 मिमीचा खडा दिसला. पोटात कधी दुखलेलं नाही, पण पित्ताचा त्रास जुना आहे. घशाशी येतं, छातीत जळजळतं. ऑपरेशन केलं तर हे थांबेल का? शेजारच्या काकूंचे खडे म्हणे ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाने पडले.

उत्तर : इथे आपल्या भाषेनेच घोळ घातलाय. घशाशी येतं ते ‘पित्त’ म्हणजे जठरातलं आम्ल. पित्ताशयात साठतो तो यकृतात तयार होणारा पित्तरस. दोन्हींचा संबंध फक्त नावापुरता. जळजळ थांबेल या आशेवर ऑपरेशन करून घेतलेले बरेच जण नंतर पुन्हा त्याच गोळ्या घेत असतात.

खड्याची कळ वेगळी असते. पोटाच्या वरच्या भागात मध्यावर किंवा उजव्या बरगड्यांखाली, बहुतेकदा तेलकट जेवणानंतर किंवा रात्री, ती चढत जाते आणि अर्धा तास ते चार-पाच तास टिकते. उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जाते. कूस बदलून, ढेकर देऊन, अँटासिड पिऊन उतरत नाही. अशी कळ एकदा आली की पुन्हा येण्याचा संभव बराच, म्हणून तेव्हा ऑपरेशन करावं. तुमच्यासारखा गप्प बसलेला खडा वर्षाला शंभरातल्या एखाद-दोघांनाच त्रास देतो. त्याच्या वाटेला जाऊ नये. खडा 3 सेंमीपेक्षा मोठा असेल, सोबत पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब) असेल, पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साठलं असेल किंवा सिकलसेलचा (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक) आजार असेल, तर मात्र सर्जनशी बोला.

काकूंना दिसलेले हिरवट मऊ गोळे बहुधा खडे नव्हतेच. तेल आणि लिंबू पोटात एकत्र आले की आतड्यात साबणासारखे गोळे बनतात. जरा ऊब लागली की वितळतात. काकूंची सोनोग्राफी पुन्हा केली तर खडे जागच्या जागी सापडतील. खडा विरघळवणारी गोळी आहे, पण ती छोट्या, कॅल्शियम नसलेल्या खड्यांवरच चालते, महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि बंद केल्यावर पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांचे खडे परततात.

प्रश्न : वडिलांना (68) अशा कळा येतात. मूतखडा काढताना मूत्रपिंड ठेवतात, मग इथे अख्खं पित्ताशय का काढायचं? नंतर पचन कसं होणार?

उत्तर : कारण खडे बनतात ते पित्ताशयातच. 1882 साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढणाऱ्या कार्ल लांगेनबुख यांचाही युक्तिवाद हाच होता. नुसता खडा काढला तर दुसरा तयार होतो. पित्ताशय म्हणजे 50 मिलीच्या आसपासची साठवणीची पिशवी. यकृत दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त पित्तरस बनवतं, तो नंतर थेट आतड्यात उतरत राहतो. काहींना काही आठवडे पातळ शौचाला होतं. जन्मभर उकडलेलं खाण्याची गरज नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सहसा चार छोटे छेद असतात. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, त्यामुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. त्याला घाबरू नका. सगळं सुरळीत झालं तर दुसऱ्या दिवशी घरी. सूज फार असेल आणि नळ्या नीट ओळखता येत नसतील, तर सर्जन पोट उघडून करतात. संमतिपत्रात ते लिहिलेलंच असतं. तो पराभव समजू नये, कारण दिसत नसताना घाईने कापलं तर मुख्य पित्तनलिका दुखावते आणि ते निस्तरणं फार अवघड.

आधी लिव्हर फंक्शन टेस्ट हवीच. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) वाढलेलं किंवा पित्तनलिका फुगलेली असेल तर खडा खाली नलिकेत सरकलाय का ते एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, बघतात. असल्यास तो बहुधा आधी तोंडातून दुर्बीण घालून काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, मनाने बंद करू नका.

ताप आला, कळ सहा तासांत उतरली नाही, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा उलट्यांसह पाठीत आरपार दुखू लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. शेवटचं लक्षण स्वादुपिंडाच्या सुजेचं असू शकतं, आणि नळीतून निसटून ती सूज आणतात ते बहुधा बारीक खडे. ‘छोटेच आहेत’ म्हणून निर्धास्त राहू नये.

काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजीकडे तपासायला जातं. टाके दाखवायला जाल तेव्हा तो रिपोर्ट मागून घ्या. बरेच जण तो न बघताच खड्यांची डबी तेवढी घरी आणतात.