तिकीट काढण्याआधी

प्रिय पोरी,

तू रोज रात्री जागून अमेरिकेच्या विमानाची भाडी चाळत बसतेस, असं आई म्हणाली. ऑगस्टात सगळी विद्यार्थी मंडळी एकदमच निघतात, त्यामुळे भाडं चढलेलं असणारच. अमुक वारी काढलं की स्वस्त पडतं, असल्या ऐकीव गोष्टींसाठी झोप घालवू नकोस. हिशेब धरायचा तो मुंबईच्या घरापासून तिथल्या खोलीपर्यंतचा.

बॅगांचं आधी बघ. तू संसार मांडायला निघाली आहेस. कुकर, मसाले, थंडीचे कपडे सगळंच न्यायचंय. काही भाड्यांत २३ किलोच्या दोन बॅगा असतात, काहींत एकच, आणि दुसरीचे पैसे भरले की स्वस्ताई संपली. काही कंपन्या विद्यार्थ्यांना जादा बॅग देतात. त्यासाठी कंपनीच्याच साइटवर ‘स्टुडंट’ भाडं निवडून बघ.

आता ज्याबाबत मी हट्ट धरणार आहे ते. मुंबईपासून तुझ्या विद्यापीठाच्या गावापर्यंतचा सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर हवा. शिकागोपर्यंत एक तिकीट आणि पुढचं वेगळं काढलं की बेरीज कमी दिसते, खरंय. पण अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरशील तिथेच इमिग्रेशनची रांग, तिथेच पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुन्हा जमा करायच्या. एवढ्यात पुढचं विमान निघून गेलं, तर एका तिकिटावर तुला दुसऱ्या विमानात बसवणं कंपनीचं काम. वेगळ्या तिकिटावर मात्र तू ‘आलीच नाहीस’ एवढीच नोंद होते, आणि नवं तिकीट त्या दिवशीच्या भावाने घ्यावं लागतं. अनोळखी देशात, पहिल्याच दिवशी, दोन जड बॅगा घेऊन हे तुझ्या वाट्याला येऊ नये.

म्हणूनच मला अबू धाबीचा मार्ग आवडतो. २०१४ पासून अमेरिकी अधिकारी तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स उरकतात. शिकागोला तू देशांतर्गत प्रवाशासारखी उतरतेस. चार-पाच हजार जास्त पडले तरी दे. फक्त अबू धाबीत मधे तीन तास तरी हवेत.

लंडनला हीथ्रोवर उतरवून गॅटविकहून पुढे नेणारं स्वस्त तिकीट दिसलं, तर सोडून दे. विमानतळ बदलायचा म्हणजे ब्रिटनमध्ये शिरायचं, आणि तिथे व्हिसाचा प्रश्न आला.

तिकीट शक्यतो थेट कंपनीकडूनच घे. निघायला किमान ७ दिवस असतील, तर अमेरिकेच्या विमानांसाठी कंपनीला २४ तास भाडं धरून ठेवायची किंवा विनादंड रद्द करायची सोय द्यावीच लागते. तिथल्या सरकारचा तसा नियम आहे. त्या २४ तासांत पासपोर्ट समोर ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून बघ. बाबांचं नाव पासपोर्टवर जिथे असेल, तिकिटावरही तिथेच हवं.

पैसे भरण्याआधी दोन-तीन पर्याय मला पाठव, मधल्या थांब्यांच्या वेळा आणि बॅगांचं वजन दिसेल असे. रात्री उशिरा फोन केलास तरी चालेल.

तुझा,
काका