वाचकांचे प्रश्न: बॅटऱ्या फुल, तरी इन्व्हर्टर बोंबलतो

प्रश्न: घरी सोलर बसवलंय. 12 व्होल्टच्या 150 एएचच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या पॅरललमध्ये आणि 2000 वॅटचा इन्व्हर्टर. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत 25 स्क्वेअर एमएमची केबल, अंतर 3 मीटर. दुपारी बॅटऱ्या फुल असतात पण 1500 वॅटचा लोड टाकला की इन्व्हर्टर लो बॅटरीचा बीप द्यायला लागतो, केबल गरम होते आणि पहिली बॅटरी इतरांपेक्षा जास्त तापते. वायरमन म्हणतो बॅटरी बदला. बदलू का?

उत्तर: थांबा, बॅटरीला हात लावू नका, आधी केबलकडे बघू. बहुतेकांची गडबड इथेच होते की केबल वॅट बघून घेतात, आणि केबलला वॅटशी काही देणंघेणं नसतं, तिला कळतात फक्त अँपियर. 230 व्होल्टवर 1500 वॅट म्हणजे साडेसहा अँपियर, घरातली साधी वायर आरामात वाहते. तेच 1500 वॅट 12 व्होल्टवरून काढायचे तर 125 अँपियर, त्यात इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो ते धरून 140. पूर्ण 2000 वॅट चालवलेत तर 185 च्या आसपास.

आता हिशोब करा. तांब्याची 1 मीटर लांब, 1 स्क्वेअर एमएमची तार साधारण 0.0175 ओहम. तुमचं अंतर 3 मीटर पण करंट जातो आणि परत येतो, म्हणून 6 मीटर धरायचे (हे निम्मे लोक विसरतात). 6 गुणिले 0.0175 भागिले 25, म्हणजे 0.0042 ओहम. दिसायला काहीच नाही ना? त्याला 140 ने गुणा, जवळपास 0.6 व्होल्ट नुसते केबलमध्ये गेले. लोडखाली बॅटरी आधीच थोडी बसते, त्यात हे गेले, वर लगच्या (केबलच्या टोकाला लावलेल्या धातूच्या चपट्या कडीच्या) जोडात अजून थोडे, की इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. आणि 0.6 व्होल्ट गुणिले 140 म्हणजे 80 च्या वर वॅट केबल तापवण्यात जातायत, फुकट.

खात्री करायची तर लोड चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा, एक प्रोब बॅटरीच्या प्लस खांबावर, लगवर नाही हं, खांबाच्या शिशावरच टेकवा, दुसरा इन्व्हर्टरच्या प्लस टर्मिनलवर. हिशोबाने एका बाजूचे 0.3 व्होल्ट दिसायला हवेत. 0.5 दिसले तर उरलेले जोडात जळतायत. मग प्रोब लगवर सरकवा, आकडा एकदम खाली आला तर चोर तिथेच आहे. मी अशाच एका ठिकाणी नट उघडला तर लग आणि खांबाच्या मधोमध वॉशर! लग थेट खांबाला टेकला पाहिजे, वॉशर त्याच्या वर. लगच्या तोंडाशी इन्सुलेशन तपकिरी होऊन मागे सरकलेलं दिसलं तरी समजून जा.

उपाय दोन. पहिला फुकटातला, इन्व्हर्टर जवळ आणा. अंतर 3 चं 1 मीटर केलंत तर त्याच केबलवर ड्रॉप, म्हणजे केबलमध्ये वाया जाणारे व्होल्ट, 0.2 वर येतो. पण एवढ्यावर भागत नाही, कारण दर मीटरला केबल तेवढीच तापणार, 140 अँपियर 25 ला जास्तच आहेत. म्हणून दुसरा उपायही हवाच, 70 स्क्वेअर एमएमची तांब्याची फ्लेक्झिबल केबल. दोन्ही मिळून ड्रॉप 0.07. केबल घेताना टोक खरवडून बघा, आत चांदीसारखं दिसलं तर ते बहुतेक तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, तोच साइज असला तरी करंट कमी वाहतं. इन्व्हर्टर बॅटऱ्यांच्या डोक्यावर मात्र टांगू नका, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, बाजूच्या भिंतीवर घ्या आणि हवा खेळती ठेवा.

पहिली बॅटरी का तापते? कारण प्लस आणि मायनस दोन्ही तुम्ही तिच्यावरूनच काढले असणार. मग चौथ्या बॅटरीचा करंट तीन जोडपट्ट्या ओलांडून येतो आणि पहिली मोकाट सुटते, घरातल्या मोठ्या भावासारखी सगळ्यात जास्त राबते आणि सगळ्यात आधी जाते. प्लस पहिल्यावरून घ्या, मायनस चौथ्यावरून. त्याहून बरं म्हणजे बसबार (सगळ्या केबल एकत्र जोडायची धातूची जाड पट्टी), प्रत्येक बॅटरीपासून तिथपर्यंत सारख्याच लांबीची केबल, जवळच्या बॅटरीची केबल लांब वाटली तरी कापायची नाही.

पुढे कधी इन्व्हर्टर बदलणारच असाल तर 24 किंवा 48 व्होल्टचा घ्या. व्होल्टेज दुप्पट की करंट निम्मा, आणि त्याच केबलमधलं नुकसान पाव. याच चार बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या तर 48 व्होल्ट होतात आणि 2000 वॅटला साधारण 46 अँपियरच लागतात. माझं मत विचाराल तर 2000 वॅटला 12 व्होल्ट घ्यायलाच नको होतं, पण आता आहे ते आहे.

प्रश्न: बॅटरीच्या लाइनवर घरातला साधा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लावला तर चालेल का?

उत्तर: नाही. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो तेव्हा ठिणगी आपोआप विझते, डीसीत ती ओढत राहते आणि साधा एमसीबी आतून जळतो. डीसी रेटिंगचा फ्यूजच लावा, प्लसवर, बॅटरीला होईल तेवढा चिकटून, कारण तो इन्व्हर्टरसाठी नाही तर केबलसाठी असतो. वरच्या उदाहरणात 185 च्या सव्वापट म्हणजे साधारण 230, म्हणून त्याच्या वरचा 250 अँपियरचा, पण केबलची ताकद त्याहून कमी नको.

प्रश्न: लग सोल्डर करावा की दाबावा?

उत्तर: दाबावा, हायड्रॉलिक क्रिम्परने. हातोडीने ठोकलेला नको. नुसता सोल्डर असेल तर जोड तापल्यावर तो वितळतो आणि केबल सुटून येते. आणि काम करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. 12 व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण प्लस-मायनसवर आडवा पडलेला पाना क्षणात लालबुंद होतो.