तो म्हणाला, ‘मीच तो’

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जनुक-संपादनाच्या, म्हणजे पेशीतली जनुकं बदलण्याच्या, प्रयोगशाळेत जागा मिळाली याचा आनंद होतो न होतो, तोच चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ‘ही देवाच्या कामात ढवळाढवळ आहे’ म्हणून तुझं मन खट्टू केलं. जावं की नको, असं विचारलं आहेस.

ढवळाढवळ हा शब्द एकेकाळी मीही ठासून वापरायचे. एकदा बायबल अभ्यासात तो तोंडून गेला आणि मागच्या बाकावरची एक आई उठून उभी राहिली. तिच्या मुलाला थॅलेसेमिया, रक्ताचा आनुवंशिक आजार. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं. त्या खेपेला हाताची शीर सापडेना, म्हणून नर्सने शेवटी पायाला सुई लावली होती. ती आई म्हणाली, ‘‘बाई, रक्त चढवणं ही ढवळाढवळ नाही का?’’ मी वही चाळत राहिले. उत्तर नव्हतंच.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत करायला आणि राखण करायला. मशागत म्हणजे मातीत हात घालणं आलंच. तेव्हा हात घालू नये, असं शास्त्र म्हणत नाही. राखणही त्याच वाक्यात आहे, एवढं मात्र विसरू नकोस.

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढ. जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? आनुवंशिक आजार असलेल्या घराला आजही हाच प्रश्न सोसावा लागतो. येशू तो प्रश्नच बाजूला सारतो, माती कालवतो आणि डोळ्यांना लावतो. पुढचा तपशील मला फार आवडतो. त्याला दिसू लागल्यावर शेजारी कुजबुजतात, हा तोच की त्याच्यासारखा दुसरा कोणी? तो सांगतो, ‘मीच तो.’ बरा झाला, पण माणूस तोच राहिला.

सिकलसेल या रक्ताच्याच आनुवंशिक आजारावर क्रिस्पर, म्हणजे जनुक कापून बदलण्याच्या तंत्राने, केल्या जाणाऱ्या ज्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, तो मला या वाक्याच्या जवळचा वाटतो. रुग्णाच्याच, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढतात, बाळ गर्भात असताना रक्तात असतं ते हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हावं म्हणून त्यांच्यात बदल करतात, केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि त्या पेशी परत सोडतात. सोपं काही नाही, वंध्यत्वाचा धोकाही आहे. पण रुग्ण समोर आहे आणि तो हो किंवा नाही म्हणू शकतो. बदल त्याच्याबरोबरच संपतो. शरीरपेशींवरच्या, म्हणजे पुढच्या पिढीत न उतरणाऱ्या, अशा उपचाराला व्हॅटिकननेही २००८ च्या निवेदनात तत्त्वतः हरकत घेतली नाही. माझी हरकत किमतीला आहे. अमेरिकेत ती बावीस लाख डॉलर ठेवली गेली. रस्त्याकडेच्या त्या आंधळ्याकडे येशूने काय मागितलं होतं?

आता २०१८ चा नोव्हेंबर आठव. ‘हे’ आडनावाच्या जियानकुई या चिनी संशोधकाने जाहीर केलं की, भ्रूणावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. वडिलांना एचआयव्ही होता, म्हणून एचआयव्हीला पेशीत शिरायला वाट देणारं सीसीआर-५ हे जनुक निकामी करायला घेतलं. मुली आजारी नव्हत्या. वडिलांकडून संसर्ग होऊ नये यासाठी वीर्य धुऊन विषाणू वेगळा करण्याची साधी पद्धत होती आणि तीही वापरली गेली होतीच. मग हा बदल कशासाठी? शिवाय तो त्यांच्या लेकरांपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यांना कोणी विचारलं नाही, विचारता येणारही नव्हतं. पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची कैद झाली. कायद्याचं काम तिथे झालं, आपला प्रश्न उरला.

निकीयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या कबुलीत, पुत्राविषयी म्हटलंय की तो पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही. ते ख्रिस्ताविषयीचं विधान आहे हे मला कळतं, पण काही ख्रिस्ती विचारवंतांनी त्यावरून आईबापांसाठी फार नेमकी गोष्ट काढली. जे आपल्यापासून जन्मतं ते आपल्या बरोबरीचं, जे आपण घडवतो ते आपल्या हाताखालचं. उंची, बुद्धी, रंग ठरवून आणलेल्या लेकराने पुढे वेगळी वाट धरली, तर आईबापाला ती मालातली खोट वाटेल. मला भीती याचीच वाटते. देवाचं सिंहासन प्रयोगशाळेमुळे डळमळेल असं मला कधी वाटलं नाही.

सगळे ख्रिस्ती माझ्यासारखा विचार करत नाहीत. काही प्रोटेस्टंट विचारवंत माणसाला देवाचा सहनिर्माता मानतात. पद्धत सुरक्षित झाली, तर एखादा जीवघेणा आजार वंशातूनच काढायला त्यांची ना नसते. त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. पण त्या ‘सुरक्षित’पर्यंत पोहोचायला किती भ्रूण वापरून टाकून द्यावे लागतील, हे कोणी मोजून सांगत नाही, आणि भ्रूणाला पहिल्या दिवसापासून माणूस मानणाऱ्या कॅथलिकांचं घोडं तिथेच अडतं.

तर जा. वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देऊ नकोस, त्यांच्या शब्दात चूक असली तरी काळजी खरी आहे. रुजू होण्याआधी प्रमुखांना दोन गोष्टी विचार: काम शरीरपेशींवर आहे की भ्रूणांवर, आणि भ्रूणांवर असेल तर काम झाल्यावर त्यांचं काय करतात. दुसऱ्या प्रश्नाला ते काय म्हणतात, ते मला कळव.

तुझी,
मावशी