प्राणिसंग्रहालयातल्या गोरिलाला इंजेक्शन कसं देतात? दर वेळी बेशुद्ध करतात का?

दर वेळी नाही. आणि साध्या इंजेक्शनसाठीही जिथे दर वेळी बेशुद्ध करावं लागतं, तिथे त्या गोरिलाची देखभाल नीट चालली आहे असं मी म्हणणार नाही.

मी गोव्यातला पशुवैद्य. सगळी नोकरी सत्तरी तालुक्यात गायी-म्हशींच्या मागे गेली, आता निवृत्त आहे. गोरिलावर मी स्वतः कधी उपचार केलेले नाहीत, गोव्यात गोरिला नाहीच. पण त्यांच्या औषधोपचाराबद्दल मिळेल ते गेली कित्येक वर्षं वाचत आलोय. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन थाबो आणि डेम्बा या दोन नरांना पाहूनही आलोय. २०२१ मध्ये ते जर्मनीतून आले. त्याआधी म्हैसूरला पोलो नावाचा एकटा नर होता, तो २०१४ मध्ये वारला.

आधी भुलीचं सांगतो. लांबून भुलीची सुई मारली की काम झालं असं लोकांना वाटतं. खरी काळजी तिथून सुरू होते. भुलीचं औषध हृदयावर आणि श्वासावर परिणाम करतं, आणि पूर्ण वाढलेल्या नर गोरिलाचं हृदय हीच त्याची सर्वांत कमकुवत बाजू. प्राणिसंग्रहालयातले प्रौढ नर सर्वाधिक मरतात ते हृदयविकाराने. हृदयाचा स्नायू हळूहळू तंतुमय होऊन कडक होत जातो, आणि बाहेरून बराच काळ काहीच दिसत नाही. शिवाय गोरिलाच्या गळ्यात हवेच्या पिशव्या असतात. त्यांत जंतुसंसर्ग झालेला असला तर भुलीत तिथला पू फुफ्फुसात उतरू शकतो. म्हणून भूल द्यायचीच झाली तर दात, रक्त, एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी असं सगळं एकाच खेपेत उरकून घेतात.

मग रोजचं कसं चालतं? सत्तरीतली एक आठवण सांगितली की कळेल. एका वाड्यावर लाळ-खुरकुताची लस टोचायला गेलो होतो. एक गाय काही केल्या खोड्यात जाईना. चार गडी लागले, दोघांना तिने लाथा मारल्या. शेवटी घरची म्हातारी बाहेर आली. "दोतोर, तुम्ही जरा मागे सरा," म्हणाली आणि गायीच्या गळ्याखालची पोळी खाजवत उभी राहिली. गायीने मान लांब केली, डोळे अर्धे मिटले. मी सुई टोचली तेव्हा खांद्यावरच्या कातडीवर एक शहारा आला, बस.

गोरिलाच्या बाबतीत ती म्हातारी म्हणजे त्याचा कीपर. मध्ये मजबूत जाळी. कीपर बाहेरून सांगतो, गोरिला खांदा जाळीला लावतो आणि त्याला द्राक्ष किंवा गाजराचा तुकडा मिळतो. सुरुवातीचे काही दिवस खांद्याला नुसतं बोट लावायचं. मग बोथट काडी, मग सुई नसलेली सिरिंज, आणि हे सगळं अंगवळणी पडल्यावर खरी सुई. यात महिने जातात. त्याला नको असेल तर तो उठून निघून जातो, आणि म्हणून त्याचं जेवण कोणी तोडत नाही. माझ्या मते सगळं यावरच उभं आहे. एकदा जबरदस्ती केलीत की तो पुढच्या वेळी जाळीजवळ येणारच नाही.

याच पद्धतीने गोरिला तोंड उघडून दात दाखवायला शिकतात. छाती जाळीला लावून सोनोग्राफी करून घेणारेही आहेत, पूर्ण शुद्धीत! अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयासाठी गोरिलाच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा पट्टा मुद्दाम बनवून घेतला गेला. हृदय बिघडलेलं आढळलं तर औषधं बहुतेक माणसांचीच, आपल्या घरातले वडीलधारे घेतात त्याच रक्तदाबाच्या गोळ्या. अशा वेळी माणसांचे हृदयतज्ज्ञही मदतीला येतात.

खाण्याकडे तर फार लक्ष द्यावं लागतं. गोरिला म्हटलं की आपल्याला केळ्यांचा घड आठवतो, पण जंगलातला गोरिला मुख्यतः पाला, देठ, गाभा खातो. आपली बाजारातली फळं त्याच्यासाठी फार गोड. अमेरिकेत क्लीव्हलँडला बेबॅक आणि मोकोलो या दोन नरांचं पिठूळ खाद्य बंद करून त्यांना रोज ढीगभर हिरवा पाला सुरू केला. दोघांचं वजन उतरलं, आणि खाल्लेलं ओकून पुन्हा खाण्याची सवयही सुटली. बर्लिनची फातू ही सगळ्यांत वयस्क गोरिला, साठीच्या पुढची. दात पडल्यामुळे तिला भाज्या मऊ शिजवून देतात.

शेवटचं आपल्या हातातलं आहे. आपली सर्दी, खोकला, गोवर, क्षय हे सगळं गोरिलाला होतं. जानेवारी २०२१ मध्ये सॅन डिएगोच्या सफारी पार्कात गोरिलांना कोविड झाला. ४८ वर्षांच्या विन्स्टनला न्यूमोनिया झाला, प्रतिपिंडांचं औषध द्यावं लागलं, आणि तो वाचला. सत्तरीतल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माकडतापात आधी रानातली माकडं मरून पडतात आणि पाठोपाठ घराघरांत ताप येतो, हे त्यांनी पाहिलंय. तिथे गोचीड रोग पसरवते, इथे आपली शिंक.

म्हणून म्हैसूरला जाणार असाल तर बाहेरचं काही खायला टाकू नका. आणि मुलांना सर्दी असेल तर त्या दिवशी चामुंडीच्या डोंगरावर जाऊन या, गोरिला दुसऱ्या दिवशी बघा.