उपग्रहाला दिसणारे आणि न दिसणारे प्रवाळ

प्रश्न : लक्षद्वीपमधील एक बेट समुद्रात नाहीसे झाल्याचे जुनी-नवी चित्रे ताडून पाहिल्यावर लक्षात आले, असे वाचले. पाण्याखालचे प्रवाळ एवढ्या उंचीवरून दिसतात कसे? आमच्या मालवणच्या प्रवाळांचीही अशी पाहणी होऊ शकते का? (भूगोलाच्या एक शिक्षिका, कुडाळ)

उत्तर : आपण वाचलेले ते बेट बंगारम कंकणद्वीपावरील (म्हणजे प्रवाळांच्या कड्यासारख्या गोल बेटसमूहातील) परळी-१ असावे. १९६८मध्ये सुमारे तीन हेक्टरांचे असलेले हे बेट २००३पर्यंत पूर्ण झिजून गेले होते. दोन काळांतील किनारारेषा भौगोलिक माहिती प्रणालीत (संगणकावर नकाशे हाताळणाऱ्या व्यवस्थेत) एकाच मोजपट्टीवर आणून एकमेकींवर ठेवल्या, की अशी झीज नेमकी मोजता येते. मात्र बेट म्हणजे प्रवाळभित्तीवर साचलेली वाळू. ते गेले म्हणजे खालची भित्तीही गेली, असे नाही.

त्या भित्तीचा वेध घेणे अधिक कठीण असते. सूर्यप्रकाशातील अवरक्त किरण पाण्याच्या अगदी वरच्या थरातच शोषले जातात, तांबडे काही मीटरांत विरतात, तर निळे आणि हिरवे किरण स्वच्छ पाण्यात बरेच खोल जाऊन तळावरून परततात. त्यामुळे खोल पाण्यातली वाळू आणि उथळ पाण्यातले प्रवाळ यांच्या रंगांत होणारी गफलत टाळण्यासाठी, प्रत्येक ठिकाणच्या खोलीचा परिणाम गणिताने वजा करून मगच भित्तीचा माथा, तिचा उतार, खारकच्छ (भित्तीच्या आतले उथळ पाणी) आणि समुद्रगवत वेगळे ओळखले जातात. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने भारतीय उपग्रहांच्या चित्रांवरून देशातील प्रवाळभित्तींचे नकाशे तयार केले आहेत.

लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले. समुद्रपृष्ठाचे तापमान मोजणारे उपग्रह अशा संकटाची पूर्वसूचना देतात. नेहमीच्या कमाल तापमानाहून किती अंश जास्त आणि किती आठवडे, याचा गुणाकार चारवर गेला की विरंजन (प्रवाळ पांढरे पडणे) अपेक्षित धरतात आणि आठवर गेला की मोठी मरतूक. परंतु मेलेल्या प्रवाळावर शैवाल चढले, की वरून तो जिवंत प्रवाळासारखाच गडद दिसू लागतो, आणि येथे प्रत्यक्ष बुडी मारून केलेल्या नोंदींवाचून निदान करणे मला तरी धाडसाचे वाटते.

मालवणच्या बाबतीत मात्र आपली निराशा करावी लागेल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ खडकांवर विखुरलेले, छोट्या-छोट्या पुंजक्यांत आहेत. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत लहान चौकट (पिक्सेल) दहा मीटरांची असते आणि किनाऱ्याजवळचे पाणी बहुधा गढूळ असते, त्यामुळे हे पुंजके त्यात वेगळे ओळखू येत नाहीत. पावसाळा सरल्यावर, ओहोटीच्या वेळी ड्रोनने घेतलेली चित्रे काही प्रमाणात उपयोगी पडतील. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला असलेल्या आंग्रिया बँकेची (समुद्रात बुडालेल्या प्रवाळ-पठाराची) अडचण उलट आहे : तेथील पाणी निवळ आहे, पण तिचा माथाही सुमारे वीस मीटर खोल आहे, त्यामुळे तिचा तळ नीट रेखाटायचा तर बोटीवरून ध्वनिलहरी सोडूनच तो मोजावा लागतो.